ज्युनियर अजिंक्यपद सायकलक्रॉस: पिटमध्ये पहिल्यांदाच उभी राहणार आहे, मार्गदर्शन हवं

दोन_मुलांची_आई

नमस्कार मंडळी. धाकटा यंदा ज्युनियर गटात आला. वय सतरा, म्हणजे गटातलं पहिलंच वर्ष. पुढच्या महिन्यात त्याची सायकलक्रॉसची, म्हणजे चिखल, वाळू आणि अडथळ्यांतून धावायच्या सायकल शर्यतीची, अजिंक्यपद स्पर्धा आहे. आजवर पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत सायकल बदलायच्या जागी, त्याचा थोरला भाऊ आणि क्लबमधले एक जाणते गृहस्थ असायचे, आणि मी दोरीपलीकडे उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायचे. या वेळी थोरल्याची परीक्षा नेमकी त्याच दिवशी आलीये, त्यामुळे दुसरा माणूस म्हणून मी.

सायकल मला परकी नाही. टायर चढवते, चेन साफ करते, गिअर जुळवता येतात. पण शर्यत चालू असताना पोराच्या हातातली चिखलाने भरलेली सायकल घ्यायची आणि त्याच दमात त्याला दुसरी मिळायला हवी, हे काम मी कधी केलेलं नाही. सायकली दोन आहेत. मापं, पॅडल, टायर सगळं सारखं. मार्गावर गवताळ उतार आहेत, वाळूचा एक लांब पट्टा आहे, ओलांडायच्या आडव्या फळ्या आहेत आणि एक जिना. पिट दुहेरी आहे म्हणे, म्हणजे एका फेरीत तो दोनदा समोरून जाणार.

जाणते म्हणतात, चिखल असला की दर अर्ध्या फेरीला सायकल बदलायची. मुलगा म्हणतो, वाटलं तर येईन, नाहीतर नाही. कोणाचं ऐकायचं? मी उभं कुठे राहायचं, धरायचं काय, धुवायचं काय?

आणि एक. २०१२ ची बेल्जियममधल्या कोक्सायडेची ज्युनियर जागतिक शर्यत त्याने इतक्या वेळा पाहिलीये की आता ती मलाही पाठ झालीये. मॅथ्यू व्हॅन डर पूल गटातल्या पहिल्याच वर्षी जगज्जेता झाला, हे पोराच्या डोक्यात पक्कं बसलंय. आमचा मात्र सहाव्या रांगेतून सुटणार. त्याला काय सांगू? की काहीच बोलू नये?

साबण_आणि_तेल

ताई, आधी सायकलीचं बोलतो, पोराचं नंतर.

बरेच हंगाम पिटमध्ये काढलेत मी. आधी भाच्यासाठी, आता क्लबमधल्या मुलांसाठी. दर अर्ध्या फेरीला बदलायची की नाही, हे आधी ठरवताच येत नाही. शर्यतीच्या दिवशी सकाळी चिखल हातात घेऊन बघा. पातळ, पाण्यासारखा चिखल असेल तर घाबरायचं कारण नाही, तो चाकावरून उडून जातो, सायकल स्वतःच स्वतःला धूत जाते. खरा वैरी म्हणजे अर्धवट वाळलेला, गवत मिसळलेला चिखल. तो पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये आणि मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ठासून बसतो, गवताच्या काड्या कॅसेटमध्ये (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) गुंडाळल्या जातात आणि एका झटक्यात डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर तुटतो. तसा चिखल असेल तर जाणत्यांचं ऐका, प्रत्येक वेळी बदला. सायकल किलो-दोन किलोने जड होते ती वेगळीच, आणि ती जड सायकल खांद्यावर घेऊन पोराला जिना चढायचाय.

तुमच्या आधी दुसऱ्या गटाची शर्यत असेल तर पिटमध्ये परत येणाऱ्या सायकली नीट बघा. कोणी काही सांगायची गरज उरत नाही.

आता वेळेचं गणित. ज्युनियर मुलांची शर्यत चाळीस मिनिटांची असते. किती फेऱ्या होणार ते सुरुवातीच्या फेऱ्यांच्या वेळेवरून ठरतं. समजा सात मिनिटांची एक फेरी, तर सहा फेऱ्या. दुहेरी पिट, म्हणजे तुमच्या हातात साडेतीन मिनिटं. तेवढ्यात सायकल धुण्याच्या पाण्याच्या पंपापर्यंत न्यायची, रांगेत थांबायचं (सगळ्यांच्या सायकली एकदमच येतात, हे विसरू नका), धुवायची, पुसायची, तेल द्यायचं आणि धावत जागेवर यायचं. म्हणून धुण्याचा क्रम डोक्यात पक्का हवा. पहिला मान डिरेलर आणि कॅसेटला. मग फोर्क आणि मागच्या त्रिकोणातली फट. मग पॅडल, दोन्ही बाजूंनी, कारण बुटाच्या तळाची क्लीट पॅडलमध्ये अडकली नाही तर बाकी सगळं धुतलेलं वाया. फ्रेम राहिली तर राहू दे, चकचकीत सायकलीला कोणी गुण देत नाही. पाण्याचा फवारा हबच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवर सरळ मारू नका, तिरका मारा. मग पॅडल उलटे फिरवत चेनवर तेलाचे थेंब, दोन-तीन गिअर टाकून बघायचे, ब्रेक दाबून बघायचे, हँडल आणि सीट कोरड्या फडक्याने पुसायची. शेवटी टायर अंगठ्याने दाबायचा.

उभं राहायचं असं. सायकल घेणारा पिटच्या सुरुवातीकडे, देणारा चार-सहा पावलं पुढे. मुलगा डाव्या बाजूने उतरतो, कारण चेन उजवीकडे असते. तो जुनी सायकल सोडून देतो आणि पळत पुढच्या माणसाकडे जातो. देणाऱ्याने नवी सायकल फक्त सीटपाशी धरायची, हँडल पूर्ण मोकळं ठेवायचं. त्याचा हात हँडलवर पडला की सोडायची, एक क्षण आधी नाही की नंतर नाही. पिटमधून बाहेर पडल्यावर चढ आहे की सपाट, त्याप्रमाणे गिअर आधीच टाकलेला हवा. ताई, पहिल्यांदाच करताय तर तुम्ही घ्यायचं काम करा, द्यायचं जाणत्यांकडे राहू दे. घेतलेली सायकल तत्काळ वाटेतून बाजूला ओढायची, कारण त्याच्या मागे दुसरं पोर येतंय.

जागा प्रत्येक फेरीला तीच ठेवा. जाकीट भडक एका रंगाचं घाला आणि ते काढू नका. दमलेलं पोर तोंडं शोधत नाही, रंग शोधतं.

आणि नियम. पिटचा भाग पिवळ्या झेंड्यांनी दाखवलेला असतो. त्याच्या बाहेर मदत करायची नाही, पाच पावलांवर पोर पंक्चर होऊन उभं असलं तरी नाही. पिटचा शेवट ओलांडला की मागे वळता येत नाही, पुढच्या पिटपर्यंत सायकल घेऊन धावायचं. पिटच्या वाटेत शिरायचं ते बदलण्यासाठीच, पुढे निघायला जवळची वाट म्हणून नाही. दुसऱ्या स्पर्धकाला आपली सायकल देता येत नाही, मग तो एकाच क्लबचा का असेना. टायरची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही, सुटण्याआधी मोजतात. तुमच्याकडे दोन सायकली आहेत, दोन्हींचे टायर घरीच मोजून घ्या. काही टायर रिमवर चढवल्यावर थोडे फुगतात.

आता मूळ प्रश्न, ऐकायचं कोणाचं. सायकल कशी चालतेय हे मुलाला कळतं, सायकल कशी दिसतेय हे तुम्हाला. दोन्ही वेळेला तुम्ही तयार सायकल घेऊन जागेवर हजर. यायचं की नाही हे तो ठरवणार. फक्त डिरेलरमध्ये गवत लोंबताना दिसलं तर "पुढच्या वेळी ये" असं ओरडायचं, आणि मग त्याने यायचंच. एवढा करार आदल्या रात्री करून टाका.

वाळूतली_चाकोरी

वरच्या दादांनी पिटचं सगळं सांगितलंय, मी पोराच्या बाजूने लिहितो. मी स्वतः ज्युनियर गटात धावलोय, तेही मागच्या रांगांतूनच.

ताई, त्याच्या डोक्यात कोक्सायडे बसलंय ना, मग ती शर्यत त्याला पूर्ण सांगा. व्हॅन डर पूल पहिला आला, बरोबर. दुसरा कोण आला होता? वाउट व्हॅन आर्ट. तो गटातल्या दुसऱ्या वर्षाचा होता, म्हणजे वयाने मोठा असून आपल्यापेक्षा लहान मुलाकडून हरला. पुढे २०१४ ला तो २३ वर्षांखालील जगज्जेता झाला आणि २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षं मोठ्या गटात. व्हॅन डर पूलने २०१३ ला लुईव्हिलमध्ये ज्युनियर किताब पुन्हा जिंकला, २०१५ ला ताबोरमध्ये मोठ्या गटाचा जिंकला, आणि त्यानंतर मोठ्या गटाचा पुढचा किताब थेट २०१९ ला. मधली सगळी वर्षं त्या दोघांची एकमेकांशी झुंज चालू होती. हे मुलाला माहीत असेलच, पण ज्युनियर शर्यतीतला दुसरा क्रमांक म्हणजे काय हे त्याने कधी मनावर घेतलंय का, विचारा.

दोन मुलांची आई आहात म्हणून आणखी एक सांगतो. २०१७ ला लक्झेंबर्गमधल्या बीलेसला ज्युनियर मुलांच्या शर्यतीत पहिले तिघेही ब्रिटिश होते. टॉम पिडकॉक, डॅन टुलेट, बेन टर्नर. डॅनचा धाकटा भाऊ बेन टुलेट. त्याने पुढच्या वर्षी व्हॅल्केनबर्गला गटातल्या पहिल्याच वर्षी जिंकलं आणि २०१९ ला बोगेन्सला परत. म्हणजे पहिल्या वर्षी जिंकणारे असतात, नाही असं नाही. पण पिडकॉक जिंकला तो दुसऱ्या वर्षी. सतरा आणि अठरा या वयातलं एक वर्ष मांड्यांमध्ये फार मोठं असतं. हे मी तुमच्या पोराचं मन राखायला म्हणत नाहीये, सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आणि तो पट्टाच खरा. किमान दीडशे मीटर लांब, रुंद, बहुधा डांबरी. दिवा हिरवा झाला की सगळे जीव तोडून निघतात, कारण पुढे मार्ग तीन मीटरपर्यंत अरुंद होऊ शकतो. पुढचे पंधरा जण पहिलं वळण वेगात काढतात. सहाव्या रांगेतल्याला तिथे जवळजवळ थांबावं लागतं. पाय जमिनीवर, हँडलला हँडल घासतंय, समोर कोणीतरी आडवा. तेवढ्यात पुढचे वीस सेकंद लांब गेलेले असतात आणि तुम्ही अजून काहीच चुकीचं केलेलं नसतं. माझी सगळ्यात जास्त चिडचिड तिथे व्हायची. नंतर कळलं की मागून सुटणाऱ्याची शर्यत त्या वळणानंतर सुरू होते.

मुलाला एकच काम द्या. सरावाच्या फेऱ्यांमध्ये पहिल्या दोन वळणांची बाहेरची बाजू चालून बघायची. सगळे आतून जातात, आत गर्दी होते. बाहेरून अंतर जास्त पडतं, पण चाक फिरत राहतं. सहाव्या रांगेतून हा एवढाच फायदा कमवता येतो आणि तो फुकट आहे.

वाळूबद्दल. पहिल्या फेरीत वाळूत गर्दी असते, सायकलवर बसून राहण्याचा हट्ट नको. समोरचा उतरला की आपणही उतरायचं, धावायचं. दुसऱ्या फेरीपासून चाकोऱ्या तयार झालेल्या असतात. मग वेगात शिरायचं, वजन मागे, हात सैल, नजर वाळूच्या पलीकडच्या टोकाला. हँडल घट्ट धरून चाकोरीत चाक वळवायला गेला की गेलाच. एक चाकोरी सगळ्यांना दिसते ती खोल झालेली असते, शेजारची उथळ बरेचदा जास्त वेगवान असते. हे सरावात शोधायचं, शर्यतीत नाही.

आणि ताई, फेरीगणिक क्रमांक ओरडून सांगू नका. "एकतिसावा आहेस" हे ऐकून कोणाचे पाय हलके होत नाहीत.

साबण_आणि_तेल

चाकोरी, शेवटच्या मुद्द्यावर माझं जरा वेगळं मत आहे. क्रमांक सांगू नये, मान्य. पण काहीच न सांगणंही बरोबर नाही. त्या मुलाला मार्गावर फक्त समोरची पाठ दिसते. पिटमधून तुम्हाला पुढची टोळी किती लांब आहे ते दिसतं. "पुढचे चौघे, आठ सेकंद", एवढंच. हे त्याच्या कामाचं आहे, कारण त्याला ठरवता येतं की आत्ता जोर लावायचा की फळ्यांपर्यंत थांबायचं. मी मुलांना एकच आकडा सांगतो, पुढच्याचं अंतर. मागे कोण आहे ते सांगत नाही. मागे वळून बघणारं पोर वळण चुकवतं.

दोन_मुलांची_आई

दोघांचेही मनापासून आभार. धुण्याचा क्रम कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवलाय. व्हॅन आर्टचं मुलाला विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तो दुसरा आला होता हे माहीत होतं, पण मी नेहमी पुढच्यालाच बघत होतो." परवा ती शर्यत पुन्हा लावली, या वेळी दुसऱ्या क्रमांकावर नजर ठेवून.

आता मला छळणारी गोष्ट विचारते. मागे राहिलेल्यांना शर्यतीतून बाहेर काढतात म्हणे. मागच्या एका शर्यतीत आमच्या क्लबमधल्या मुलाला दोन फेऱ्या शिल्लक असताना थांबवलं आणि तो रडत बाहेर आला. ते कसं ठरतं? माझ्यावर पिटमध्ये ही वेळ आली तर मी काय करू?

साबण_आणि_तेल

ऐंशी टक्क्यांचा नियम. आघाडीवरच्याच्या पहिल्या फेरीची वेळ धरतात आणि तिच्या ऐंशी टक्क्यांइतका कोणी मागे पडला की त्याला थांबवतात. पहिली फेरी सात मिनिटांची झाली असेल तर पाच मिनिटं छत्तीस सेकंद. आघाडीवरचा मागून येऊन अशाला गाठणार आणि अरुंद वाटेत दोघांची अडचण होणार, म्हणून हा नियम. मागे पडलेल्याला जागतिक शर्यतीतही बाहेर पडावं लागतं आणि निकालात नाव येतं ते किती फेऱ्या मागे यासकट. ती हकालपट्टी नाही, शिक्षाही नाही. पण सतरा वर्षांच्या मुलाला तो इशारा मिळतो तेव्हा त्याला ती शिक्षाच वाटते, आणि हे त्याला त्या क्षणी समजावता येत नाही. आधीच सांगून ठेवायचं.

तुमच्या पोराला सहाव्या रांगेतून सुटून, सारखा बदल करत, चांगल्या सायकलवर धावताना ती वेळ येईल असं मला वाटत नाही. आलीच तर त्याला थांबवतात तिथे तुम्ही नसाल, तुम्ही पिटमध्ये असाल. त्या जागेपाशी घरातलं कोणीतरी कोरडं जाकीट घेऊन उभं करा. अंग घामाने भिजलेलं, वारा थंड. पहिल्या दोन मिनिटांत जाकीट अंगावर पडलं पाहिजे. रडला तर रडू द्या. ज्याने चाळीस मिनिटांसाठी तयारी केली आणि पंचवीस मिनिटं धावायला मिळाली, त्याने रडणं साहजिक आहे.

वाळूतली_चाकोरी

आणि त्या क्लबमधल्या मुलाला कोणी सांगितलं का, की पुढच्या वर्षी तो गटातल्या मोठ्या वर्षाचा असेल? ज्युनियर गट दोनच वर्षांचा. १९७९ पासून ज्युनियरची जागतिक शर्यत होते, २०२१ ला ओस्टेंडला कोविडमुळे ज्युनियर शर्यतीच झाल्या नाहीत. त्या हंगामात अठरा वर्षांच्या असलेल्या मुलांची ती संधी कायमची गेली. मला त्यांची आजही फार हळहळ वाटते. ज्यांना सुटायला मिळालं, मग ती सहावी रांग का असेना, त्यांना काहीतरी मिळालंय.

दोन_मुलांची_आई

हे वाचून दाखवलं दोघांना. थोरला म्हणाला, परीक्षा झाल्या झाल्या तो थेट फोन लावणार.

शेवटचं विचारते. हवामानात रात्री गोठवणारी थंडी आणि सकाळी ऊन दाखवतायत. शर्यत सकाळचीच आहे. टायरमध्ये हवा किती ठेवू? मुलाचं वजन साठच्या आसपास, टायर ट्युब्युलर, म्हणजे रिमला चिकटवलेले. आणि हातमोजे कोणते घालू, पाण्यात हात सारखे जाणार?

साबण_आणि_तेल

सकाळी जमीन कडक असेल तर खालच्या दगडांवर आणि गोठलेल्या चाकोऱ्यांच्या कडांवर टायर आपटतात. बीलेसला २०१७ ला त्या टणक कडांनी कितीजणांची पंक्चर केली ते बघा, मोठ्या गटात व्हॅन डर पूलचंही तेच झालं. कडक असेल तर साधारण १.६ बार, ऊन लागून वरचा थर सुटला की १.३ कडे या. दोन्ही सायकलींत सारखाच दाब ठेवू नका: पहिली कडक जमिनीसाठी, पिटमधली थोडी सैल. कोणत्या सायकलीत किती आहे ते मुलाला माहीत हवं. सरावाची शेवटची फेरी झाली की अंतिम आकडा त्याने सांगायचा, तुम्ही पंपावर तो बघायचा.

थंडीत धुतलेल्या सायकलीचं पाणी डिरेलरमध्ये गोठतं. धुतल्यावर सायकल जमिनीवर दोनदा आपटून पाणी झाडा, पुसा, तेल नेहमीपेक्षा जरा सढळ द्या आणि उभ्या उभ्या गिअर बदलत राहा.

हातमोजे: आत पातळ लोकरीचे, वर भांडी घासायचे लांब रबरी, एक माप मोठे. कोरड्या जोड्या जास्तीच्या घ्या. जाणत्यांना मात्र रबरी घालू देऊ नका, त्यांना सायकल द्यायचीये, ओल्या रबरातून सीट निसटते.